गाडीचा रंग कोणता?

अप्पांची ओळख करून द्यायला नको. तुमच्या आळीत, ऑफिसात किंवा लोकलच्या डब्यात एक अप्पा असतोच. जगातली प्रत्येक गोष्ट त्याला पेपरात छापून यायच्या आदल्या दिवशी कळलेली असते आणि "मी सांगितलं म्हणून सांगू नकोस" असं बजावत तो ती अख्ख्या डब्याला स्वतःच सांगतो. आमचे अप्पा लोणावळ्याच्या वलवणला राहतात. नोकरी चिंचवडला होती, त्यामुळे लोणावळा-पुणे लोकल हे त्यांचं कार्यक्षेत्र. घाटात ट्रक उलटल्याची बातमी मळवलीला निघते तेव्हा दोन जण जखमी असतात. कामशेतला ते पाच होतात. कान्ह्याला ट्रकमध्ये काय होतं यावर कुजबुज सुरू होते आणि तळेगाव यायच्या आत मंत्र्यांचा फोन येऊन प्रकरण दाबलेलं असतं.

पण नुसती बातमी फुगवणारे गल्लोगल्ली सापडतात. अप्पांची कारागिरी वेगळी. गणपतीला उंदीर, कार्तिकेयाला मोर, तशी अप्पांच्या बातमीला गाडी लागते. आणि त्या गाडीला रंग लागतो. साधा लाल-निळा नव्हे. "राजमाचीच्या वाटेवर बिबट्या दिसला," एवढ्यावर दुसरा कुणी थांबला असता. अप्पांचा बिबट्या "कथ्थई इंडिकाच्या समोरून" जातो. आता बिबट्यावर शंका घ्यायची तर आधी इंडिकावर घ्यावी लागते, आणि इंडिकावर कोण शंका घेणार?

21 सप्टेंबर 1995ला देशभर गणपती दूध प्यायला. पृष्ठताण आणि केशाकर्षण यांमुळे चमच्यातलं दूध ओढलं जातं आणि मूर्तीवरून ओघळतं, असं शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून दाखवलं. अप्पांना त्याचं काही नाही. त्यांच्या घरचा गणपती दोन पळ्या प्यायला, पण पिशवीचं दूध दिल्यावर त्याने तोंड फिरवलं. मग गाईचं दूध मागवावं लागलं. ते कशातून आलं? "चिंतामणी रंगाच्या मेटाडोरमधून."

2018 साली मराठी 'बिग बॉस'चं पहिलं पर्व आमच्या लोणावळ्यात उभारलेल्या घरात झालं, तेव्हा तर अप्पांची दिवाळीच झाली. आत भाजी नेणारा टेम्पो (लिंबू रंगाचा) चालवणारा त्यांचा माणूस होता म्हणे. कुणाच्या वाट्याची भाजी कमी झाली यावरून या आठवड्यात कोण बाहेर पडणार ते अप्पा सोमवारीच जाहीर करत. रविवारी भलताच कुणी बाहेर पडे. "आयत्या वेळी बदललं," अप्पा शांतपणे सांगत. "टेम्पो परत पाठवला, मी सांगितलं म्हणून सांगू नकोस."

असा हा गृहस्थ गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी आमच्याकडे अडकला. पावसाळी रविवारी लोणावळेकर घराबाहेर पडत नाहीत. भुशी धरणाकडे निघालेल्या मुंबई-पुण्याच्या गाड्या रस्ते अडवून बसतात आणि आपलंच गाव आपल्याला परकं होतं. माझी भाची पुण्यात जनसंज्ञापन शिकते. अफवांवर निबंध लिहायचा म्हणून ती मैत्रिणींसह 'गॉसिप' नावाचा 2000 सालचा अमेरिकी सिनेमा बघत होती. अप्पा चहाला म्हणून टेकले ते उठलेच नाहीत.

सिनेमात कॉलेजातले तिघे वर्गाचा प्रकल्प म्हणून पार्टीतल्या एका जोडीबद्दल अफवा सोडतात आणि ती कशी पसरते ते बघत बसतात. अफवा फिरून त्या मुलीच्याच कानावर येते. त्या रात्रीचं तिला नीटसं आठवत नसतं, त्यामुळे तिचाही विश्वास बसतो, आणि मुलगा पोलिसांच्या ताब्यात जातो. पुढे गुंता इतका वाढतो की शेवटी मेलेला मेलेला नसतो आणि पोलीस पोलीस नसतात.

सिनेमा संपताच मतं सुरू झाली. एकीला शेवट पटला नाही. दुसरीला पटला, पण आधीचं सगळं पटलं नाही. तिसरीचं म्हणणं, सगळी धावपळ मुलांची, त्या मुलीला नीट कुणी विचारतच नाही. ते मला सगळ्यांत खरं वाटलं. मग सगळ्या अप्पांकडे वळल्या.

"पोरं कच्ची आहेत," अप्पा म्हणाले. "एवढं मोठं कॉलेज, एवढी मोठी अफवा, आणि तीत एक गाडी नाही."

भाचीने शास्त्र काढलं. ऑलपोर्ट आणि पोस्टमन या मानसशास्त्रज्ञांनी 1947 साली अफवांवर पुस्तक लिहिलं. विषय महत्त्वाचा आणि माहिती धूसर असेल तिथे अफवा पिकते, हे त्यांचं सूत्र. त्यांच्या प्रयोगांत गोष्ट पाच-सहा तोंडांतून गेली की सुमारे 70 टक्के तपशील गळून जाई.

"गळतो?" अप्पांना हा वैयक्तिक अपमान वाटला. "माझा वाढतो!"

एका मैत्रिणीला 'शांतता! कोर्ट चालू आहे' आठवलं. तेंडुलकरांचं 1967चं नाटक. हौशी मंडळी वेळ घालवायला अभिरूप खटला मांडतात, आणि खेळता खेळता बेणारे बाईंच्या खाजगी आयुष्यावरची कुजबुज साक्षीपुरावा होऊन बसते. त्यात गावातला सामंत साक्षीला उभा राहतो. बिचाऱ्याला काहीच माहीत नसतं, म्हणून हातातल्या कादंबरीतला मजकूर तो साक्ष म्हणून ठोकून देतो, आणि सगळे तो खरा धरतात. अप्पांचे डोळे चमकले. "हा खरा माणूस! पाहिलं काही नाही, पण तपशील केवढा!" आणि ज्यांच्यामुळे बाईंवर ही वेळ आली ते प्राध्यापक दामले? "आले नाहीत ना? गाडी बंद पडली असणार." मुली हसल्या. मीही हसलो, पण थोडं उशिरा. कारण अप्पांना अफवेतलं काय कळतं ते मी एकदा पाहिलं होतं.

2018च्या मे-जूनची गोष्ट. मुलं पळवणाऱ्या टोळीचे निरोप फोनाफोनांत फिरत होते. सोबत एक चित्रफीत होती. मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यात खेळणारं पोर उचलतात आणि पळतात. मुळात ती कराचीतली एक जनजागृतीची फिल्म होती. पोर परत आणून सोडतात तो शेवटचा भाग कुणीतरी कापून टाकला होता. हे कळायला वेळ लागला. तोवर नव्या माणसाकडे जो तो डोळे बारीक करून बघत होता.

संध्याकाळच्या लोकलमध्ये दाराशी एक बाई गाठोडं घेऊन बसली होती. मांडीवर पोर झोपलेलं. तळेगाव सुटलं आणि कुणीतरी फोन पुढे केला. "पोराचा रंग बघा. हिचं वाटत नाही." दुसरा म्हणाला, "काल कामशेतला एक गेलं म्हणे." तिसऱ्याने बाहीच वर सरकवली. बाई उठून उभी राहिली. काय चाललंय ते तिला कळलं होतं.

तेवढ्यात अप्पा खिडकीजवळून म्हणाले, "गेलं ते कशातून?"

"व्हॅनमधून."

"रंग?"

"पांढरा."

"पांढरा!" अप्पा उठलेच. "अरे, नसलेली गाडी नेहमी पांढरी असते. रंग सुचला नाही की माणूस पांढरा म्हणतो. मी इतकी वर्षं सांगतोय, कधी पांढरी गाडी सांगितली का? पोर कुणाचं गेलं, नाव सांग. आळी सांग. पोलिसांत कोण गेलं? आणि फोनमध्ये मोटारसायकल, तोंडात व्हॅन, मग ही बाई लोकलने का फिरतेय?"

एकालाही उत्तर देता आलं नाही. आपल्या आवडत्या धंद्यात कुणी निकृष्ट माल आणला याचा अप्पांना खरोखर राग आला होता. बाही सरकवणाऱ्याने ती हळूच खाली केली. अप्पा बाईशेजारी जाऊन बसले. "माउली, कुठं उतरायचं?" तिला कामशेतला उतरायचं होतं. अप्पाही तिथंच उतरले आणि मागच्या लोकलने घरी आले. दुसऱ्या दिवशी मी विचारलं तर म्हणाले, "बसवून दिलं रिक्षात. मोरपंखी रंगाची होती." मावळात मोरपंखी रिक्षा नाही. पण त्या दिवशी मी शंका घेतली नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, 1 जुलैला, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्यात आठवडे बाजाराच्या दिवशी याच संशयावरून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, बहुतेक जण मंगळवेढा तालुक्यातले, भिक्षा मागत आलेले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल अशी मर्यादा घालायला सुरुवात केली. म्हणजे कंपनीला जे पाच माणसं मेल्यावर सुचलं, ते अप्पांना तळेगाव-वडगावच्या दरम्यान सुचलं होतं.

अप्पा आता निवृत्त झालेत, सुधारलेले नाहीत आणि सुधारणारही नाहीत. माझ्याबद्दलही ते काहीतरी सांगत असतीलच, मोतिया रंगाच्या ओम्नीसकट. सांगू देत. त्यांच्या बिबट्याने आजवर कुणाला ओरखडा काढलेला नाही. पण आलेला निरोप काहीच न विचारता पुढे धाडणारे आपण सगळे त्यांच्याहून धोकादायक आहोत. पुढच्या वेळी फोनवर असा निरोप आला तर पुढे धाडण्याआधी नाव विचारा, आळी विचारा आणि पोलिसांत कोण गेलं तेही विचारा. उत्तर मिळालं नाही तर निरोप तिथंच पुसून टाका.