आमचा कान आणि त्याचे कुलमुखत्यार

दात दुखू लागला तर मनुष्य गालावर हात ठेवून मुकाट बसतो, पोट दुखू लागले तर पांघरूण ओढून पडतो. परंतु कान दुखू लागला आणि ती वार्ता वाड्यात फुटली, की त्या इंद्रियावरील त्याची मालकी तत्काल संपुष्टात येऊन ते आप्तेष्ट, शेजारी, भाडेकरू आणि सकाळी ताक घेऊन येणारी गवळण यांच्या सामाईक वहिवाटीत दाखल होते, हा नांदेडपासून लातूरपर्यंतच्या मुलुखाचा अलिखित कायदा आहे. नांदेड हे माझे जन्मगाव आणि लातूर हे आजोळ. सबब या कायद्याचा अंमल मी दोन्ही ठिकाणी भोगलेला आहे.

नांदेडास कान दुखण्याचे कारण बहुधा गोदावरी असे. नगीनाघाटावर किंवा बंदाघाटावर मनसोक्त डुंबून वर आलेला मुलगा उन्हात तापलेला एखादा गोटा कानाशी धरून एका पायावर उड्या मारू लागला, की पाणी निघाले तर निघाले, न निघाले तर रात्री कण्हणे सुरू होई, आणि पहिल्याच कण्हण्याला आजी अंधारातून विचारी, "कान दुखायलाय का रे?" या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आले म्हणजे ती आपण होऊन आमच्या कानाची कुलमुखत्यार होई. लोखंडी पळीत तिळाचे तेल चुलीवर चढे, त्यात ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या पडत, आणि त्या कोळशासारख्या काळ्या होईतो कोणास ब्र काढण्याची परवानगी नसे. पुढे ते तेल 'कोमट' झाले की नाही याचा निवाडा आजी स्वतःची करंगळी बुडवून करी. जन्मभर ज्वारीच्या भाकरी तव्यावर नुसत्या हाताने उलथलेल्या त्या करंगळीला जे कोमट वाटे ते सामान्य प्रजाजनांच्या कानास कसे वाटत असेल, याचा विचार तिच्या दप्तरात कोठेही नमूद नव्हता. आम्ही किंचाळलो की ती समाधानाने म्हणे, "लागू पडलं बघ!"

लातूरच्या मामीचा संप्रदाय याच्या नेमका विरुद्ध, म्हणजे कोरडा. तिच्या मते कानात तेल सोडणे हा जवळपास फौजदारी गुन्हा होता. "कान दुखू लालाय व्हय? मग हिकडं ये," असे म्हणून ती ओवा आणि जाडे मीठ तव्यावर भाजून जुन्या धोतराच्या फडक्यात त्याची पुरचुंडी बांधी आणि कानामागे, कानाखाली, गालावर असा शेक देई, की त्या सुखद उष्णतेने मुलगा शेकता शेकताच झोपी जावा. न्यायबुद्धीने पाहता दोन्ही पक्षांत मामीचीच बाजू बळकट होती. पण ती आजीपुढे मांडण्याची सोय नव्हती. त्या काळी लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका, आणि नांदेड म्हणजे खुद्द जिल्ह्याचे ठाणे, जेथे निजामी अमदानीत अव्वल तालुकदाराची कचेरी भरे; तेव्हा तालुक्याने जिल्ह्याचा हुकूम रद्द करावा ही कल्पनाच आजीस बेअदबीची वाटे. लातूर 16 ऑगस्ट 1982 रोजी स्वतंत्र जिल्हा झाले. आजी तोवर हयात नव्हती. नाहीतर पुरचुंडीस जिल्ह्याचा दर्जा मिळाला म्हणून तिने सरकारदरबारी हरकत नोंदविली असती.

या दोन मातब्बर दाव्यांखेरीज किरकोळ दरखास्ती पुष्कळ येत. न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेल्या सुदर्शनाचे पान विस्तवावर धरून त्याचा रस पिळावा, असे शेजारच्या काकू म्हणत. तर वैद्यबुवा रुईचे पिकून पिवळे झालेले पान तूप लावून शेकावे, असे सांगत आणि वर ग्रंथाचा आधार देत. तो आधार खोटा नव्हे. सुश्रुताने उत्तरतंत्रात कानाचे 28 रोग मोजलेले आहेत, आणि आपल्या जुन्या वैद्यकात तूप लावलेल्या पिवळ्या रुईपानापासून सैंधव घातलेल्या बोकडाच्या मूत्रापर्यंत कर्णपूरणाची साधने सांगितली आहेत. आम्ही शाळकरी पोरे त्या शास्त्राच्या विस्तारास भीत असू ते या शेवटच्या साधनामुळे, कारण वाड्याच्या परसात बोकड बांधलेला होता.

हैदराबाद संस्थानाच्या छायेत वाढलेल्या या भागाला एकाच शास्त्रावर निर्वाह करण्याची सवय नाही. नांदेडास आजही आयुर्वेद आणि युनानी अशी दोन्ही औषधे सिद्ध करणारी सरकारी रसशाळा आहे. इतवाऱ्यातल्या हकीमसाहेबांकडून रोगन-ए-गुल आणावे, असा एका पक्षाचा आग्रह असे, आणि तेवढी पायपीट नको असलेला दुसरा पक्ष फडताळातून झिंदा तिलिस्मातची बाटली काढी. हैदराबादेत 1920 पासून तयार होणारे, निलगिरीच्या तेलाचा उग्र दर्प असणारे हे औषध सर्दीपासून विंचवापर्यंत कशावरही काढले जाई, आणि वेष्टनावरचा तो धिप्पाड हबशी पाहूनच अर्धे दुखणे दबत असावे. सर्वांत अवघड कामगिरी म्हणजे नुकत्याच बाळंत झालेल्या शेजारणीकडे रिकामी वाटी घेऊन जाणे. बाळंतिणीच्या दुधाचे चार थेंब कानास अमृत, असे सर्व बायकांचे एकमत होते. मात्र ते मागायला जाण्याची पाळी नेमकी ज्याला त्या मागणीचा अर्थ नुकताच कळू लागला आहे अशा मुलावरच येई. त्यामानाने, चारमिनार शिलगावून कानात धूर फुंकणारे दूरचे काका परवडले. रुग्णाच्या निमित्ताने त्यांची सिगारेट भर माजघरात, वडीलधाऱ्यांच्या देखत, उजळ माथ्याने चाले.

आता या साऱ्या खटल्याचा फैसला. लहान मुलाचा कान दुखतो तो पुष्कळदा सर्दीपडशामागून. इटलीच्या युस्ताकीने सोळाव्या शतकात वर्णिलेली, घशातून मधल्या कानाकडे जाणारी नळी मुलांमध्ये आखूड आणि आडवी असते. ती सुजून तुंबली, की पडद्यामागे पाणी साठून ठणका लागतो. वरून ओतलेले तेल, रस किंवा दूध कानाच्या पडद्यापाशी थबकते, कारण धडधाकट पडदा करोडगिरीच्या नाक्याप्रमाणे थेंबभर मालही पलीकडे जाऊ देत नाही. लसणात जंतुनाशक गुण खरेच आहे, पण तो ठेचल्यावर उपजतो आणि तापविल्यावर मावळतो. म्हणजे आजीची पळी त्या गुणाची राख करूनच कानापाशी येई. असे असूनही प्रत्येक उपाय लागू पडे याचे कारण एवढेच, की अशा दुखण्यांपैकी बहुतेक दोन-तीन दिवसांत आपण होऊन ओसरतात, आणि ज्या क्षणी ते ओसरते त्या क्षणी हजर असणारा मनुष्य फत्ते आपल्या नावे लावतो. आजी पहिल्या रात्री तेल घाली, काका तिसऱ्या दिवशी धूर फुंकत. म्हणून काकांचा लौकिक मोठा. मोठेपणी तर एकदा माझ्या कानावर हे सर्व प्रयोग यथासांग झाल्यानंतर दंतवैद्याने अक्कलदाढ उपटली, आणि कान दुखायचा जागच्या जागी थांबला. दाढेचे दुखणे कानात उमटते हे वाड्यात कोणासच ठाऊक नव्हते.

तेव्हा वाचकांस एकच विनंती. आज रात्री घरात कोणाचा कान दुखू लागला तर मामीची पुरचुंडी आधी आपल्या मनगटावर लावून पाहावी आणि मगच सोसेल असा बाहेरून शेक द्यावा. कानातून पाणी वा पू येत असेल, ताप असेल, ऐकू कमी येत असेल, तर आत काहीएक न घालता सकाळी डॉक्टरांची पायरी चढावी. आणि तोपर्यंत ही गोष्ट शेजारी कोणास कळू देऊ नये.