तिथी गुणिले पाऊण

मावसभावाने सिअ‍ॅटलहून एक फोटो पाठवला आणि घाटकोपरमधली आमची शांतता संपली. फोटोत तो, त्याची बायको, दोन मुलं आणि मधोमध, बारशाला बाळ धरावं तसा दोन्ही हातांवर आडवा धरलेला सॅमन. पाठीमागे निळं पाणी, त्यामागे बर्फाचा डोंगर. खाली एकच ओळ: 'मुलांसोबत होडीतून मासेमारी.'

"लहानपणी नळावर पाणी भरायला पाठवला तर सर्दी व्हायची याला," आत्या म्हणाली.

व्हिडिओ कॉलवर मावसभावाने सगळी माहिती सविस्तर दिली. आम्ही ती विचारली नव्हती. तिकडे मासेमारीला परवाना लागतो. सॅमनसाठी गळाला उलटा काटा चालत नाही, म्हणजे माशाला सुटायची संधी सरकारनेच ठेवलेली. आणि मासा मिळाला तरी घरी नेता येईलच असं नाही. पाठीवर शेपटीच्या जवळ एक छोटा मांसल पर असतो. सरकारी पैदास केंद्रातून सोडलेल्या पिल्लांचा तो आधीच कापलेला असतो. पर कापलेला मासा तुमचा. पर शाबूत असेल तर तो रानातला, त्याला बहुतेक ठिकाणी सोडून द्यायचं.

"म्हणजे माशाचं रेशनकार्ड बघायचं," सासरे म्हणाले.

मेहुण्याला मात्र हे सहन झालं नाही. मेहुणा मुलुंडचा. मुलुंडकराच्या वाट्याला डोंगर आला आणि मिठागरं आली. मीठ आलं पण समुद्र आला नाही, ही जखम त्याच्या मनात जुनी आहे. "आपल्याकडे काय समुद्र नाही? आपल्याकडे काय सॅमन नाही?" त्याने विचारलं. सॅमन खरोखरच नाही, असं मी म्हणालो. त्यावर त्याने एका हॉटेलच्या मेनूकार्डाचा फोटो दाखवला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: इंडियन सॅमन.

हा इंडियन सॅमन म्हणजे आपला रावस. त्याचं आणि सॅमनचं नातं आमच्या इमारतीतल्या 'स्विस बेकरी'चं स्वित्झर्लंडशी आहे तेवढंच. कोण्या साहेबाला जेवताना घरची आठवण आली असेल आणि त्याने बारसं करून टाकलं असेल. सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला परत नदीत जातो. रावस असला द्राविडी प्राणायाम करत नाही. किनाऱ्याजवळच्या गढूळ पाण्यात, खाडीच्या तोंडाशी कोलंबी खात सुखाने राहतो. नाक पुढे आलेलं, तोंड खाली, डोळ्यांवर साय धरल्यासारखा पडदा, आणि छातीच्या परांखाली दोन्ही बाजूंना चार-चार मोकळे धागे. गढूळ पाण्यात चाचपडायला. आणखी एक गोष्ट चिरंजीवांनी मोबाइलवर वाचून दाखवली: हा मासा आधी नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो.

"वय वाढलं की अक्कल येते," आत्या म्हणाली आणि तांदूळ निवडू लागली.

तर, रावस धरायला जायचं ठरलं. पण कधी? आमच्या घरात मासे खायचा दिवस काढणं हे लग्नाचा मुहूर्त काढण्यापेक्षा अवघड आहे. सोमवार सासऱ्यांचा, मंगळवार आत्याचा, गुरुवार बायकोचा, शनिवार सगळ्यांचा. शिवाय एकादशी, संकष्टी. राहिले बुधवार, शुक्रवार आणि रविवार. त्यातला रविवारच सुट्टीचा. ओळखीतून वेसाव्याचे, म्हणजे वर्सोव्याचे, एक तांडेल मिळाले होते. त्यांना फोन केला तर त्यांनीही पहिला प्रश्न तोच विचारला, "तिथी कोनती?"

मला वाटलं, त्यांचाही उपास असेल. पण तांडेलांचा हिशोब निराळा. तिथीला पाऊणने गुणलं की त्या दिवशीच्या भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे भरती सहाला. थोडं पुढेमागे. अष्टमीच्या आसपास पाण्याला ओढ कमी, त्याला भांग म्हणायचं. पुनवेला-अवसेला उधाण, तेव्हा पाणी जेवढं वर चढतं तेवढंच खाली उतरतं. तांडेल म्हणाले, अष्टमीला या, सोपं पडेल. अष्टमी मंगळवारी होती. बाकी साऱ्या तिथींचे बाकी साऱ्या वारांशी वाद मिटवून हाती लागला तो संक्रांतीच्या आधीचा रविवार, पौष शुद्ध चतुर्दशी. चौदा पाऊणे साडेदहा.

"साडेदहाला भरती. आठला निगायचं, एकला परत," तांडेल म्हणाले. "दोनच्या पुढं खाडीत पाणी नाय." हे वाक्य मी सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं. पुढे जे झालं ते न ऐकल्यामुळे झालं नाही, एवढं नमूद करून ठेवतो.

घाटकोपर ते वर्सोवा मेट्रो 2014 साली सुरू झाली. अकरा-साडेअकरा किलोमीटर, बारा स्थानकं. त्या दिवसापर्यंत तिच्यातून कोणी मासे धरायला गेलं असेल असं वाटत नाही. मेहुण्याने ऑनलाइन मागवलेला रॉड, त्याचं रीळ, आणि प्लास्टिकच्या डब्यात रंगीत खोटे मासे. तपासणीच्या यंत्रात डबा गेला, पडद्यावर गळांचा पुंजका दिसला आणि सुरक्षा रक्षकाने हात वर केला. मेहुणा हिंदीत समजावू लागला. रक्षकाने डबा उघडून एक गुलाबी मासा उचलला, उलटासुलटा पाहिला आणि विचारलं, "इसको असली मछली खाएगी?" हा प्रश्न आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आला नव्हता.

वर्सोवा स्थानकात उतरलं की समोर समुद्र दिसतो, अशी मेहुण्याची समजूत होती. समोर रिक्षांची रांग दिसली. कोळीवाड्यात शिरलो तेव्हा बोंबील बांबूंवर जोडीजोडीने, एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवून वाळत होते. बायकोने ओढणी नाकाला लावली. आत्याने उलट मोठा श्वास घेतला आणि पहिल्याच बाईला शेकड्याचा भाव विचारला. तिथे पाऊण तास गेला. निघालो तेव्हा सव्वानऊ वाजले होते.

होडी लहान, पाठीमागे इंजिन. तांडेल साठीच्या पुढचे, काटक, कानात बाळी. त्यांनी आम्हा सहा जणांना लाइफ जॅकेट घातली. भगव्या रंगाच्या त्या जॅकेटांत आम्ही एखाद्या दिंडीतून चुकून होडीत शिरल्यासारखे दिसत होतो. खाडीतून बाहेर पडताना डावीकडे अंधेरीच्या इमारती, उजवीकडे मढचा किल्ला. सासऱ्यांनी लगेच उभं राहून सांगितलं की हाच वेसाव्याचा किल्ला, वसईच्या मोहिमेत 1739 साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला. "बसा," तांडेल म्हणाले. सासरे बसले. पोर्तुगीजांनीही एवढ्या झटकन ऐकलं नसेल.

थंडीत पाहुणे येणारे कुरव पक्षी होडीमागे लागले. सासऱ्यांच्या पिशवीतली शेव त्यांना कुठून कळली देव जाणे. अर्धा किलो शेव अशी गेली. तिळाच्या वड्या आत्याच्या मांडीखाली होत्या म्हणून वाचल्या.

खडकांपासून थोडं दूर तांडेलांनी नांगर टाकला आणि स्वतःचं साहित्य काढलं. पाण्याची एक रिकामी बाटली, तिच्यावर गुंडाळलेली नायलॉनची दोरी, शेवटी शिशाचा गोळा आणि एक गळ. संपलं. ओल्या फडक्यातून एक जिवंत कोलंबी घेतली, शेपटीच्या कण्यातून गळ असा अलगद ओवला की ती पुढेही पाय हलवत राहिली. दोरी सोडली. शिसं तळाला टेकल्याचं मला कुठेच दिसलं नाही; त्यांना ते तर्जनीवर कळलं. हातभर दोरी परत वर घेतली आणि मग ते नुसते बसून राहिले. दोरी बोटावरून गेलेली, डोळे किल्ल्यावर. डॉक्टर नाडी बघताना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतात ना, तसे.

मेहुण्याचं काम शास्त्रोक्त होतं. पाय फाकवून, रॉड खांद्यामागे नेऊन त्याने गुलाबी मासा भिरकावला. तो माझ्या टोपीत अडकला आणि टोपीसह समुद्रात गेला. दुसऱ्या खेपेला प्लास्टिकची पिशवी आली. तिसऱ्या खेपेला दुसरी पिशवी. हिच्यावर मुलुंडच्या एका साडीच्या दुकानाचं नाव होतं. "म्हणजे मुलुंडचा समुद्राशी संबंध आहे," बायको भावाला म्हणाली.

एवढ्यात तांडेलांच्या बोटाला काहीतरी सांगून गेलं. त्यांनी हाताला एक हिसका दिला आणि दोरी वर आली. मिशाळ, चिकट, राखाडी मासा. आम्ही टाळ्या वाजवल्या. "रावस!" मेहुणा ओरडला. "शिंगाला," तांडेल म्हणाले आणि मेहुण्याचा पुढे आलेला हात त्यांनी मनगटाला धरून मागे ढकलला. शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक काटा असतो, करवतीच्या दातांचा आणि विषारी. लागला तर हात रात्रभर ठणकतो. तांडेलांनी पक्कडने ते तिन्ही काटे कडाकड मोडले आणि मासा टोपलीत टाकला. त्यानंतर तासाभरात असे चार आले. सगळे बाटलीवर. रॉडवर शून्य.

पावणेएक वाजले. "चला," तांडेल म्हणाले. आणि तेवढ्यात मेहुण्याचा रॉड वाकला.

असा वाकला की टोक पाण्याला टेकलं. रीळ किंचाळू लागलं. चिरंजीव व्हिडिओ काढायला लागले, सासरे "ढील दे, ढील दे" ओरडू लागले, कारण त्यांना फक्त पतंगाचा अनुभव. मेहुणा घामाघूम. तांडेलांनी एकदा दोरीला बोट लावलं आणि म्हणाले, "म्हावरं नाय ते." पण कोण ऐकतो! पंचवीस मिनिटांच्या झुंजीनंतर वर आली ती गाळाने भरलेली सिमेंटची गोणी. तरीही सासऱ्यांचं रक्त आता तापलं होतं. किल्ल्याकडे हात करून ते म्हणाले, "माघार घेतली असती तर हा मिळाला असता का? अजून पाच मिनिटं." त्या पाच मिनिटांत अडीच वाजले.

खाडीच्या तोंडाशी आलो तेव्हा पाण्याचा रंग बदललेला होता. मग होडीखालून खरवडल्याचा आवाज आला. तांडेलांनी इंजिन वर उचललं. होडी एका अंगाला हळूच कलली, दुपारच्या झोपेला आडवी व्हावी तशी, आणि थांबली.

"बोल्लो व्हतो ना," एवढंच ते म्हणाले. खरं तर हे ते आधी म्हणाले असते तर आम्हाला भांडता तरी आलं असतं.

"आता?"

"आता पावने पाचपर्यंत आनखी उतरंल. मग चढंल. सवासहाला निगू."

उपनगरात राहणाऱ्या माणसाला अडकून पडण्याचा सराव असतो. रुळांवर अडकतो, पुलावर अडकतो, लिफ्टमध्ये अडकतो. पण भर अंधेरीत, चहूकडे इमारती, मोबाइलला पूर्ण रेंज, डोक्यावरून विमानं चढताहेत, आणि आपण दीडशे पावलांवरच्या धक्क्यापर्यंत जाऊ शकत नाही, ही अवस्था नवीन होती. चालत जावं म्हणून मेहुण्याने एक पाय खाली ठेवला. तो गुडघ्यापर्यंत गेला. पाय परत आला, चप्पल आली नाही. आजूबाजूच्या चिखलावर निवटे टुणटुण उड्या मारत होते. मासा असून चिखलावर चालता येतं हे ते आम्हाला दाखवत होते बहुतेक. चिरंजीवांनी एका अ‍ॅपवर वडापाव मागवायचा प्रयत्न केला. पत्ता: मढ किल्ल्यासमोर, लाल होडी. अ‍ॅपने मजला विचारला.

वासाबद्दल लिहीत नाही. या खाडीत उपनगरांचं काय काय येऊन मिळतं हे ज्याचं त्याला ठाऊक आहे. त्यात आमचाही हातभार असणारच.

चार वाजता तांडेलांनी पुढच्या फळीखालून स्टोव्ह काढला. शिंगाळ्याचे तुकडे, चिंच, लसूण, घरून आणलेला मसाला. डब्यात तांदळाच्या भाकऱ्या होत्याच. कललेल्या होडीत पातेलंही कललेलं, त्यामुळे रस्सा एका बाजूला आणि तुकडे दुसऱ्या. रॉडची किंमत, मेट्रोचं तिकीट, होडीचं भाडं धरलं तर आजवरचं ते आमचं सर्वांत महाग कालवण, आणि बायको, जी सकाळी नाकाला ओढणी लावून आली होती, तिने दुसऱ्यांदा भाकरी मागितली. आत्याने तांडेलांना तिळाची वडी दिली आणि मसाल्यात धने किती हे विचारून घेतलं.

पाच वाजता इमारतींच्या मागून चतुर्दशीचा चंद्र वर आला, सूर्य अजून समुद्रावर असताना. मग कुठूनतरी बारीक खळखळ सुरू झाली. निवटे गायब झाले. होडी एकदा चुळबुळली, सरळ बसली, आणि सव्वासहाला पाच मिनिटं असताना तरंगली.

धक्क्यावर तांडेलांची बायको उभी होती. तिने आमचे पाय बघितले, टोपली बघितली, एक शब्द बोलली नाही. पाटावरचं ओलं फडकं बाजूला केलं. खाली दोन हात लांबीचा, चंदेरी, नाकेला रावस होता. आत्या समोर बसली आणि भाव ठरेपर्यंत काळोख पडला.

फोटोची कल्पना माझी. रावस मेहुण्याच्या दोन्ही हातांवर आडवा, मागे होडी, मागे काळा समुद्र. खाली मी लिहिलं: 'मुलासोबत होडीतून मासेमारी. वेसावे.' यात एकही शब्द खोटा नव्हता. सिअ‍ॅटलला सकाळ झाल्यावर मावसभावाचं उत्तर आलं: 'क्या बात है! पण पर कापलेला होता ना?'

मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात आत्याने स्वतःच्या मोबाइलवरून आवाजी निरोप धाडला. "अरे, पर काय घेऊन बसलास? पर, शेपटी, डोकं, खवलं, सगळं कापून, साफ करून दिलं तिने. डोकं वेगळं बांधून दिलं. वर मूठभर करंदी फुकट दिली. तुझ्याकडे देतात का?"