बिनकाउंटरचे साहेब

हॉटेलच्या काउंटरपाशी दोन मिनिटं उभं राहणं ज्याला कमीपणाचं वाटतं, असा एक प्रवासी गेल्या पाच-सहा वर्षांत आपल्याकडे तयार झाला आहे. पुण्यात बाणेर-बालेवाडीला आणि मुंबईकडे पवई-ठाण्याला त्याची वस्ती दाट. मेअखेरीस काजव्यांच्या दिवसांत आणि मग पावसाळ्यातल्या दर शनिवारी तो भंडारदऱ्याकडे सरकतो. डॅशबोर्डवर एक मोबाइल, हातात दुसरा, दोघांच्या पोटापाण्यासाठी बॅगेत पॉवर बँक. मोबाइलमध्ये बुकिंगचा क्यूआर कोड, तो उघडला नाही तर त्याचा स्क्रीनशॉट, आणि स्क्रीनशॉट ऐनवेळी सापडला नाही तर स्वतःच स्वतःला पाठवून ठेवलेला ई-मेल. हॉटेलचा फॉर्म त्याने गुरुवारी रात्रीच घरबसल्या भरलेला असतो. उशी मऊ हवी की कडक, या प्रश्नाचं उत्तरही पुरता विचार करून दिलेलं असतं. मुंबईकडचा असेल तर कसारा घाट लागायच्या आत 'आपलं चेक-इन झालेलं आहे' असं तो गाडीत जाहीर करतो. वहिनी काही बोलत नाहीत. त्यांच्या पर्समध्ये घरातल्या सगळ्यांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स असतात.

या माणसाला लोक तंत्रज्ञानाचा भक्त समजतात, आणि त्यालाही ते आवडतं. मला मात्र हे निदान चुकीचं वाटतं. तंत्रज्ञानाची खरी आवड असलेला माणूस यंत्र कसं चालतं ते विचारतो. याला ते चालल्याशी मतलब, आणि चाललेलं चारजणांनी पाहिल्याशी त्याहून जास्त. त्याला हवी असते ती साहेबी, आणि तीही जुन्या वळणाची. धरण तिथे पाटबंधारे खात्याचं विश्रामगृह, ही इंग्रजांपासूनची रीत. प्रवरेवरचं भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ साली पुरं झालं. त्या जमान्यात अशा विश्रामगृहात उतरणारा साहेब काउंटरवर जात नसे, कारण काउंटरच नसे. कार्यकारी अभियंत्याची चिठ्ठी आदल्या दिवशी पोचलेली, खानसाम्याने कोंबडी धरून ठेवलेली, पाणी तापत ठेवलेलं. सही हवीच असेल तर वही साहेबापुढे येई, साहेब वहीपुढे जात नसे. स्वातंत्र्यानंतर चिठ्ठी पुढाऱ्याच्या पीएकडून येऊ लागली, एवढाच काय तो बदल. मध्यमवर्गाने हे वैभव लांबून पाहिलं. त्याच्या वाट्याला आलं ते लॉजचं काउंटर, आणि त्यामागे बसलेल्या माणसाचे प्रश्न. कुठून आलात, कुठे जाणार, किती जण, मुलांचं वय काय. हातात मोबाइल आला आणि पिढ्यान्‌पिढ्यांचं हे शल्य एका रात्रीत निघालं. आता आपली चिठ्ठी आपणच लिहायची, आपणच पुढे धाडायची, आणि पोचल्यावर खिशातून काढून दाखवायची.

परदेशात हे प्रकरण बरंच सरळ आहे. स्टारवुड, हिल्टन यांसारख्या मोठ्या साखळ्यांनी २०१४-१५च्या सुमारास मोबाइललाच किल्ली करून टाकलं. ब्लूटूथवर दार उघडतं आणि पाहुणा परस्पर लिफ्टकडे जातो. तिथे माणूस महाग, तेव्हा काउंटरवरचं माणूस कमी केलं की पैसे वाचतात. हिशेब रोकडा आहे. आपल्याकडे एका काउंटरमागे तिघे उभे असतात आणि चौथा त्यांना चहा आणून देतो, त्यामुळे ती निकड कधी नव्हती. आपल्याकडे ही पद्धत रुजवली ती कोरोनाने. जून २०२० मध्ये हॉटेलं उघडू देताना केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने क्यूआर कोड, ऑनलाइन फॉर्म, डिजिटल पैसे, सगळं बिनस्पर्शाचं ठेवा म्हणून बजावलं. महाराष्ट्रात ८ जुलैपासून ३३ टक्के क्षमतेने दारं उघडली. तेव्हा मनात भीती होती आणि ती खरी होती. भीती गेली, क्यूआर कोड राहिला, आणि रिकाम्या झालेल्या जागेत हळूच साहेबी येऊन बसली.

त्या साहेबीची परीक्षा घ्यायला भंडारदऱ्यासारखं ठिकाण नाही. मुंबईहून घोटीपर्यंत विजयरथ सुसाट येतो, कारण टोलनाक्यावर फास्टॅग असतो. (तो २०२१पासून सगळ्यांनाच सक्तीचा आहे, ट्रकवाल्यालाही, पण साहेबाला तो आपल्या दूरदृष्टीचा भाग वाटतो.) घोटीला महामार्ग सुटतो, भातखाचरं सुरू होतात, १,६४६ मीटर उंचीचं कळसूबाई शिखर ढगात डोकं घालून उभं दिसतं, आणि बारी गाव मागे पडेपर्यंत रेंज ये-जा करू लागलेली असते. पुढे अभयारण्याच्या नाक्यावर वनखात्याची पावती घ्यावी लागते. माणशी किती आणि गाडीचे किती ते नाक्यावरचा कर्मचारी खिडकीत वाकून तोंडी सांगतो आणि पावती फाडून हातात देतो. पहिला स्पर्श हा असा सरकारी होतो. धरणाजवळच्या शेंडी गावात हॉटेलच्या दारात ॲप उघडावं तर पडद्यावर गोल चक्र फिरत राहतं. पलीकडचं घाटघर अहिल्यानगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणून ओळखलं जातं. त्या पावसात आधी लाइट जाते आणि तिच्यामागून टॉवर. साहेब एक हात वर करून आवारात फेऱ्या मारतो. सामान उचलायला आलेला पोऱ्या त्याच्याकडे जरा वेळ बघतो आणि म्हणतो, 'सायेब, त्या टाकीपाशी उभं ऱ्हावा, तिथं येती कधीकधी.'

आणि शेवटी वही येतेच. लांबट, जाड पुठ्ठ्याची, दमट हवेने पानं फुगलेली, दोऱ्याला बॉलपेन बांधलेली. अनुक्रमांक, नाव, पत्ता, कोठून आले, कोठे जाणार, वाहन क्रमांक, सही. वरच्या ओळीत कुणीतरी 'कोठे जाणार'च्या रकान्यात 'घरी' असं लिहिलेलं. मॅनेजर नम्रपणे सांगतो, 'ऑनलाइन झालंय साहेब, मला दिसतंय. पण पोलीस तपासणीला आले तर वही बघतात.' इथे साहेबाला वाटतं तसा मॅनेजर मागासलेला नसतो. १८६७ सालच्या सराई कायद्यापासून आजपर्यंत, रात्री आपल्या छपराखाली कोण झोपलं होतं याचं उत्तर मालकाने द्यायचं असा सरकारचा आग्रह आहे. परदेशी पाहुणा आला तर चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते. पाहुण्याचा फॉर्म कुठल्या ॲपवर पडून आहे याच्याशी राजूरच्या पोलीस ठाण्याला कर्तव्य नाही. मग ओळखपत्राची पाळी येते. साहेब डिजिलॉकरमधलं मास्क्ड आधार दाखवतो, ज्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूर कार्यालयाने झेरॉक्स कुणालाही देऊ नका म्हणून इशारा दिला होता आणि दोनच दिवसांत तो मागे घेतला गेला होता. साहेबाने यातला पहिला भाग पाठ केलेला असतो. मॅनेजर पडदा तिरपा करून बघतो, चष्मा पुसतो, पुन्हा बघतो. 'साहेब, पुढचे आठ आकडे उडालेत.' वहिनी पर्स उघडतात.

तळ्याकाठच्या तंबूत उतरणाऱ्याचं तर विचारूच नका. तंबूला कुलूप नसतं, चेन असते. डिजिटल किल्ली कुठाय म्हणून विचारणाऱ्याला तंबूवाला ती चेन वर-खाली करून दाखवतो आणि रात्री आतून लावून घ्या म्हणतो, कुत्री येतात.

आता माझ्या म्हणण्याचा सगळ्यात भक्कम पुरावा. फॉर्ममध्ये 'संपर्क नको' या चौकोनात ज्याने स्वतः खूण केलेली असते, तोच माणूस गाडी थांबल्यावर आधी काय करतो? हॉर्न वाजवतो. डिकी उघडून बाजूला उभा राहतो आणि इकडेतिकडे बघतो. पाच मिनिटांत कुणी आलं नाही तर त्याचा चेहरा पडतो, आणि रविवारी रात्री घरी पोचून रेंज आली की तो दोन तारे देऊन लिहितो की निसर्ग उत्तम, पण स्वागताला कुणी नव्हतं. संपर्क नको असलेल्या माणसाला स्वागत कशाला हवं? याचा उलगडा एकच. त्याला माणसं नको असतात असं नाही. प्रश्न विचारणारी माणसं नको असतात, सलाम करणारी चालतात. नाव विचारणारा नको, नाव आधीच माहीत असलेला हवा. विश्रामगृहातल्या साहेबाला दोन्ही मिळत होतं, कारण चिठ्ठीच्या दुसऱ्या टोकाला खानसामा होता. मोबाइल चिठ्ठी काढून देतो, खानसामा काढून देत नाही, आणि आपल्या साहेबाची सारी तगमग या एका उणिवेतून आलेली आहे.

यावर कुणी म्हणेल की उगाच मानापमानाचं नाटक रचू नका, वेळ वाचतो इतकी साधी गोष्ट आहे. वाचतो ना. मोठ्या शहरात, परिषदेसाठी दोनशे पाहुणे एकदम उतरतात तिथे नक्की वाचतो. पण मुंबईहून चार-साडेचार तास गाडी हाकून जो माणूस काही न करण्यासाठी भंडारदऱ्याला आला आहे, तो काउंटरवरची चार मिनिटं वाचवून त्यांचं करणार काय? शिवाय खोली तयार असायला आधीचे पाहुणे उठावे लागतात, त्यांची पोरं आंघोळीतून बाहेर यावी लागतात, चादरी बदलाव्या लागतात. यातलं काहीही गुरुवारी रात्री फॉर्म भरल्याने लवकर होत नाही. साहेब बाकावर बसून वाट बघतो. चेक-इन झालेलं असतं, फक्त आत जायचं राहिलेलं असतं.

दुसरा आक्षेप मात्र वजनाचा आहे, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. काउंटरवरचे प्रश्न सगळ्यांना सारखे बोचत नाहीत. एकट्या बाईला 'सोबत कोण?' म्हणून विचारलं जातं. लग्न न झालेल्या जोडप्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं जातं. आडनाव ऐकल्यावर अचानक खोल्या संपतात. सज्ञान अविवाहितांनी एका खोलीत राहू नये असा कायदा नाही, असं मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं; काउंटरवरच्या भुवया तरीही वर जायच्या थांबलेल्या नाहीत. अशा माणसांना बिनकाउंटरचं दार ही चैन नाही, सुटका आहे. ती त्यांना मिळावी, जितक्या लवकर मिळेल तितकं बरं. पण फरक बघा. ज्यांना खरोखर गुपचूप आत जायचं असतं ते गुपचूप जातात. कसारा घाटात ते चेक-इनची घोषणा करत नाहीत, हॉर्न वाजवत नाहीत आणि स्वागत झालं नाही म्हणून तारेही कापत नाहीत. आपल्या साहेबाला आयुष्यात कुठल्याही काउंटरवर कुणी नको ते विचारलेलं नसतं. त्याची तक्रार एवढीच, की बाकीच्यांना विचारतात तेच त्यालाही विचारतात.

राहिला तिसरा आक्षेप, साहेबाचा स्वतःचा. खेडेगाव आहे, अजून मागे आहेत, पोचेल हळूहळू तंत्रज्ञान. हे ऐकून शेंडीतला तंबूवाला पोट धरून हसेल, पण पाहुण्यापुढे हसू नये हे त्याला कळतं. त्याचा अख्खा धंदा मोबाइलवर उभा आहे. चौकशी व्हॉट्सॲपवर येते, तो तंबूचे फोटो आणि जेवणाचे दर पाठवतो, निम्मे पैसे यूपीआयवर आगाऊ घेतो, लोकेशन पाठवतो आणि वर तोंडी निरोप रेकॉर्ड करून धाडतो की दादा, नकाशा ऐकू नका, शाळेपासून उजवीकडे वळा. दुपारी दोनला 'कुठवर आलात?', चारला 'चहा ठेवू का?', रेंज गेली की भावाला मोटारसायकल देऊन नाक्यापर्यंत पाठवणं. व्हेज किती, नॉनव्हेज किती, बाळाला दूध लागेल का, भाकरी तांदळाची की नाचणीची, हे पाहुणा पोचण्याआधी त्याला ठाऊक असतं, आणि त्यासाठी कुणी उशीचा फॉर्म भरलेला नसतो. हातातली वस्तू दोघांचीही एकच. एकजण तिच्यातून माणूस गाठतो, दुसरा तिच्याआड लपतो. यातला तंत्रज्ञानात पुढे कोण, हे ठरवायला समिती नेमण्याची गरज नसावी.

आणि या 'बिनस्पर्श' व्यवहारातला स्पर्श नाहीसा होतो असंही नाही, तो फक्त दुसऱ्याच्या गळ्यात पडतो. ॲपवरचं बुकिंग छापून वहीत उतरवायला कुणीतरी बसतं. रेंजसाठी टाकीपाशी उभं राहून ओटीपी घ्यायला कुणीतरी जातं. हे सगळं साहेबाच्या नजरेआड घडतं म्हणून त्याचा हिशेब स्वच्छ दिसतो. रविवारी निघतानाही तेच. चेक-आउट मोबाइलवर, बिल मोबाइलवर, कुणाचा निरोप घेणं नाही, सगळं चोख. फक्त खोलीची किल्ली, प्लॅस्टिकच्या जाड बिल्ल्याची, ७ आकडा कोरलेली, त्याच्या खिशात राहते. घोटीच्या टोलनाक्यावर ती टोचते तेव्हा लक्षात येतं. मागे फिरणं शक्य नसतं, उद्या सोमवार. तो तत्परतेने फोन लावतो, दिलगिरी व्यक्त करतो, नव्या कुलपाचे तीनशे रुपये त्याच मिनिटाला पाठवून देतो आणि पैसे गेल्याचा स्क्रीनशॉटही पाठवतो. पलीकडून 'काही हरकत नाही साहेब, परत या' असं उत्तर येतं. मग मॅनेजर पोऱ्याला हाक मारतो, पान्याने सातचं कुलूप तोडायला लावतो आणि सहाच्या आत नवीन आण म्हणून राजूरला पिटाळतो, कारण संध्याकाळी त्याच खोलीत पुढचं चेक-इन झालेलं असतं.