अनोळखी जवानाला पत्र : नवशिक्यांसाठी सोपी शिकवणी

राखीपौर्णिमा जवळ आली, की नागपूरच्या शाळांमधून सीमेवरच्या जवानांना राख्या आणि पत्रे पाठवायची लगबग सुरू होते. बाई फळ्यावर मजकूर लिहून देतात, अख्खा वर्ग तो उतरवून काढतो आणि एकाच बराकीत 'तुमच्यामुळेच आम्ही सुखाने झोपतो' हे वाक्य गठ्ठ्याने जाऊन पडते. याहून वेगळे काही लिहायची इच्छा आहे, पण कागद समोर आला की डोके रिकामे होते, अशांसाठी पुढील पायऱ्या.

१. मायना. 'हे भारतमातेच्या वीर सुपुत्रा' असे लिहू नये. सुपुत्र त्या वेळी लंगराबाहेर ताट धूत असू शकतो. 'प्रिय दादा' पुरेसे आहे. लिहिणारे आजोबा असतील तर त्यांनी विशीतल्या पोराला दादा म्हणू नये, 'चिरंजीव' म्हणावे. पत्र एखाद्या ताईच्याही हाती पडू शकते, म्हणून फार मिशा पिळू नयेत.

२. पहिला परिच्छेद. मनसोक्त लिहावा आणि खोडून टाकावा. शिवराय, तानाजी, रक्ताचा थेंब न थेंब, सगळे त्यातच येऊन जाते. शत्रूला कसे हाताळावे याचा सल्लाही तिथेच संपवावा. तो सल्ला नागपुरातल्या बर्डीच्या टपरीवर चहासोबत रोज फुकट मिळतो. फौजेने तो डाकेने मागवलेला नाही.

३. प्रश्न. 'तुम्ही नेमके कुठे आहात?' हे विचारू नये. त्याला सांगता येत नाही. 'किती जणांना मारले?' हेही नाही; त्याला सांगायचे नसते. घरी कोण कोण आहे, लंगरातली कोणती भाजी नको वाटते, कॅरम की व्हॉलीबॉल, असले विचारावे. यांची उत्तरे देताना कोणाचीही परवानगी लागत नाही.

४. मजकूर. इथे बहुतेकांची गाडी अडते, कारण 'आमच्याकडे काय विशेष?' असे वाटते. विशेष नको आहे, तेच तर लिहायचे आहे. राखीनंतर पंधरा दिवसांनी पोळा येतो. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे लाकडी बैल सजवून निघालेली पोरे. त्याच दिवशी काळ्या आणि पिवळ्या मारबतीची मिरवणूक, आणि मागून बडग्यांचे पुतळे. यंदा गल्लीत कोणाचा बडग्या करायचे घाटते आहे, ते लिहावे. तर्री-पोह्यातली तर्री किती तिखट होती, तेही लिहावे. जवान गढवालचा किंवा तमिळनाडूचा निघाला तर पत्र हिंदीत लागेल. नागपूरकरांना त्याची काळजी नको. आपली हिंदी कोणत्याही व्याकरणात बसत नसली तरी सगळ्यांना समजते.

५. खाऊ. संत्रा बर्फी पाठवू नये. पत्राला उशीर झाला तरी ते आंबत नाही.

६. पत्ता. अर्धी पत्रे इथे नापास होतात. जवानाचा क्रमांक, हुद्दा, नाव, युनिट आणि खाली 'मार्फत ५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ'. छप्पन एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस) हे काश्मीरमधले गाव नाही, त्यामुळे खाली तालुका-जिल्हा जोडू नये. ५६ चे टपाल दिल्लीत आणि ९९ चे कोलकात्यात गोळा होते. युनिट कुठे आहे ते लष्करी डाकसेवेला ठाऊक असते आणि पाकिटावर ते कुठेच येत नाही. पिन कोड ९ ने सुरू होतो. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिच्यात आठ आकडे देशाच्या भागांना दिले आणि नववा फौजेला. क्रमांक किंवा नाव ठाऊक नसेल तर अंदाजाने पत्ता रचू नये. शाळेच्या किंवा संस्थेच्या गठ्ठ्यात पत्र द्यावे, म्हणजे ते कोणाच्या तरी हाती पडते.

आणि ही डाक वाटणारी माणसे तयार होतात कुठे? आपल्या कामठीत. आर्मी पोस्टल सर्व्हिसचे केंद्र तिथेच आहे. म्हणजे बर्डीहून निघालेले पत्र दिल्लीमार्गे बर्फात पोचवणारा जवान शिकला, तो बर्डीपासून तासाभराच्या वाटेवर. तेव्हा 'फौजेपर्यंत आमचे कोण पोचवणार?' ही सबब नागपुरात तरी चालणार नाही.

७. उत्तर. येईलच असे नाही. आले, तर ते वर्गात वाचून दाखवावे, पण मोबाइलवर फोटो काढून गावभर फिरवू नये. पत्र तुम्हाला लिहिलेले असते. मग दुसरे पत्र लिहावे. पहिले पत्र शाळेने सांगितले म्हणून लिहिलेले असते. ओळख दुसऱ्यापासून होते, आणि त्यासाठी राखीपौर्णिमेची वाट पाहायची गरज नाही.