फुटाला रुपया

श्रावण लागला की बेळगावात दोन प्रकारची माणसं पावतीपुस्तक घेऊन दारात येतात. पहिली गणेशोत्सव मंडळाची. त्यांना नाही म्हणता येत नाही, कारण गल्लीत राहायचं असतं. दुसरे शिखरअण्णा. ते कुठल्यातरी डोंगरावर चढणार असतात आणि त्याचे पैसे आपण द्यायचे असतात.

शिखरअण्णा हे एका माणसाचं नाव नव्हे, ते पद आहे. शहापुरात एक असतात, टिळकवाडीत दोन. बँकेतून वेळेआधी निवृत्ती, बूट मुलानं बेंगळुरूहून पाठवलेले, टोपीवर मागच्या मोहिमेचं नाव आणि गुडघ्यांपैकी एक चांगला, एक शिल्लक. घरी वरच्या फळीवरचा डबा काढायला सांगितला तर त्यांना चक्कर येते. पण 'गरजू मुलांसाठी' हे दोन शब्द कानावर पडले की अण्णा कळसूबाईला निघालेच म्हणून समजा.

यंदा निपाणीच्या विडी कामगारांच्या मुलांना वह्या आणि गणवेश द्यायचे होते. काम चांगलंच, त्यात वाद नाही. मी एकदा विचारलं, ''अण्णा, तेवढे पैसे सरळ मागितले तर?'' त्यांनी दयेनं माझ्याकडे पाहिलं. ''सरळ मागितलं तर ती भीक. चढून मागितलं तर मोहीम. हिलरीनं १९५३ ला एव्हरेस्ट चढलं आणि १९६१ ला खुमजुंगला शेर्पांच्या पोरांसाठी शाळा काढली. आधी चढला म्हणून लोकांनी ऐकलं की वो त्याचं!'' हिलरी आठ वर्षं थांबला, अण्णा मात्र पायथा दिसायच्या आधीच पावती फाडतात, एवढाच काय तो फरक.

सराव राजहंसगडावर. येळ्ळूरच्या या गडावरच्या शिवरायांच्या पुतळ्याचं २०२३ च्या मार्चमध्ये दोन पक्षांनी चार दिवसांत दोनदा अनावरण केलं होतं. त्याच धर्तीवर अण्णांनी सरावाचं उद्‌घाटनही दोनदा उरकलं, कारण पहिल्या वेळी फोटोग्राफर आला नव्हता. गडावर गाडीरस्ता आहे. त्यामुळे निम्मे मित्र चालत निघाले आणि निम्मे मोटारसायकलवरून पुढे जाऊन, चालणारे दमून येईपर्यंत भडंग संपवून बसले. मोहिमेचा फलक मात्र गावातच अडला. फलकावर साठ टक्के कन्नड हवं, असा कर्नाटकाचा नियम. मित्रमंडळाला मराठी शंभर टक्के हवी. उरलेली जागा अण्णांच्या फोटोला हवी. हे गणित पेंटरनं तीन दिवस मांडलं आणि शेवटी फोटो तेवढा छापून दिला.

खरी चढाई मात्र देणगीची. अण्णांना मी डोंगरावर धापा टाकताना पाहिलं नाही, पण खडेबाजारातल्या दुकानांचे अंधारे जिने चढून मालकाच्या गादीपाशी पोहोचताना त्यांचा घाम निथळताना पाहिलाय. निपाणीला तर ते तंबाखूच्या वखारीतच गेले. तिथं खाटाच्या वासानं आधी चार शिंका दिल्या आणि मग फुफ्फुसांच्या आरोग्यावर बोलायला सुरुवात केली. शेठजी शांतपणे ऐकत होते. ते म्हणाले, ''१९८१ ला शरद जोशींच्या मागं आम्ही शेतकरी म्हणून हायवेवर बसलो. बसायचं कुणी काही दिलं नाही. तुम्ही चढायचं मागालासा. बरं, भाव काय?''

''फुटाला रुपया. कळसूबाई ५,४०० फूट.''

''कुठनं ५,४००?''

''समुद्रसपाटीपासून.''

''तुमचं घर कुठं?''

''टिळकवाडीत.''

शेठजींनी कॅल्क्युलेटर ओढला. ''बेळगावच अडीच हजार फुटांवर हाय. तेवढं तुम्ही जन्मताच चढल्यासा. राहिले २,९००.''

अण्णांचा चेहरा इतका पडला, की वखारीतल्या हमालानं पाणी आणून दिलं.

मोहीम मात्र झाली. रात्रभर टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये भजनं, मग भांडणं, मग घोरणं. पहाटे बारी गावात उतरल्यावर तिघांना एकदम आठवलं, की गाडीपाशी कुणीतरी थांबायला हवं. एक जण कुंद्याचा डबा सांभाळायला राहिला. उरलेले सहा चढले. लोखंडी शिड्यांपाशी अण्णा थांबले, खाली पाहिलं आणि डोळे मिटून ज्यांची ज्यांची देणगी घेतली त्यांची नावं पुटपुटू लागले. भीतीनं म्हणत होते की वसुलीसाठी, कुणास ठाऊक. पण वर गेले. कळसूबाईच्या देवळापाशी नारळ फोडला, फलक धरला, आणि महाराष्ट्राच्या सर्वांत उंच जागी उभं राहून पहिलं वाक्य बोलले ते असं: ''रेंज कुणाला आहे?''

हिशेबाच्या बैठकीत टीशर्ट, टेम्पो, नारळ आणि कुंदा हा खर्च सहा जणांनी आपल्या खिशातून भरला. अण्णांनी सर्वांत जास्त, आणि तेही बायकोला न सांगता. देणगीचा रुपया न रुपया वह्या-गणवेशाला गेला. वह्यांच्या दुकानदाराकडून त्यांनी घासाघीस करून जी सूट काढली, तीत कंपासपेट्याही निघाल्या. हे ते कुठंच सांगत नाहीत. शिड्यांचं मात्र भेटेल त्याला सांगतात.

शेठजींकडे पैसे आणायला गेले तेव्हा त्यांनी मोजून ५,४०० ठेवले. अण्णांनी चकित होऊन २,९०० ची आठवण करून दिली. ''असू दे,'' शेठजी म्हणाले, ''उतरल्याले धरले. चारशे फूट चूकभूल देणेघेणे.''

एवढ्यावर उठावं की नाही? पण अण्णा बसले आणि खुर्ची पुढे सरकवून म्हणाले, ''पुढच्या वर्षी आफ्रिका. किलिमांजारो. १९,३४१ फूट!''

शेठजींनी चष्मा पुसला, मोबाईलवर बराच वेळ काहीतरी शोधलं आणि म्हणाले, ''५,८९५. फुटाचं माप सरकारनं कवाच बंद केलंय, अण्णा. मीटरला रुपया.''