डाय, १ नग

आमच्या दासगावात माणसाला माप कळतं. खाडीची कोळंबी वाट्यावर, भात खंडीवर, दूध लिटरवर आणि नारळ नगावर. २०२१ च्या जुलैत सावित्री महाडात शिरली, तेव्हाही पाणी कुठवर चढलं त्याच्या खुणा लोकांनी भिंतीवर दाखवल्या. 'पूर, १ नग' असं कुणी म्हटलं नाही.

म्हणून शेजारच्या आप्पांच्या सीटी स्कॅनचं बिल वाचताना मी चौथ्या ओळीवर अडखळलो. 'डाय, १ नग.'

काकींना आधी केस काळे करायची पुडीच आठवली. आप्पांच्या टकलाकडे बघत त्या म्हणाल्या, "लावलीत कुठे?" आप्पांनी बाही वर करून कोपराच्या आतली चिकटपट्टी दाखवली. सगळे रंगाचं इंजेक्शन म्हणतात, पण त्याला रंगच नसतो, दिसायला पाणी. आत आयोडीन, त्यानं क्ष-किरण अडतात आणि शिरा उजळून दिसतात. शिरेत गेलं की अंगभर ऊब पसरते, तोंडाला धातूची चव येते आणि लघवी झाल्यासारखं वाटतं. बिल बघून आप्पांना हे तिन्ही पुन्हा झालं.

आणि द्यायच्या आधी मापं किती! क्रिएटिनिन, दशांशासह. वजन, चपला काढून: ६२ किलो. रिपोर्टात लिहिलंय, दिलं ७० मिली. बाटली १०० मिलीची, मिलीला ३५० मिलिग्रॅम आयोडीन. आतल्या खोलीत मिलिग्रॅम, आणि काउंटरवर आलं की नग.

मग उरलेलं ३० मिली गेलं कुठे?

थेंबभर नाही हो ते. त्यात साडेदहा ग्रॅम आयोडीन. माणसाला दिवसाला दीडशे मायक्रोग्रॅम पुरतं, म्हणजे हा सत्तर हजार दिवसांचा शिधा. आप्पांना एकशे नव्वद वर्षं मीठ आणायला नको! (जाणकार म्हणतील, ते रेणूत बांधलेलं आयोडीन, अंगाला लागत नाही. बिलाला लागतं ना?) काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "काका, शहाळंपण नगावरच देतात." बरोबर. पण शहाळेवाला पाणी काढून उरलेलं स्वतःकडे ठेवत नाही. तो फोडून मलईपण देतो, वर कवटीचा चमचा करून देतो. इथे मलई कुणी खाल्ली? नळीत राहिलं असेल तर नळीत लिहा. फेकलं असेल तर फेकलं लिहा. आणि पुढच्या माणसाच्या शिरेत गेलं असेल, तर त्याच्याही बिलात एक नग लागलाच असणार. म्हणजे एका बाटलीला दोन नग झाले, आणि हे गणित आमच्या शाळेत शिकवलेलं नाही.

अमेरिकेतली बिलं काही धुतल्या तांदळासारखी नसतात. पण तिथे या औषधाला क्यू ९९६७ असा कोड आहे, आणि तो मिलीवर चालतो. एका डोसाच्या कुपीतलं औषध फेकलं तर सरकारी विम्याच्या बिलात जेडब्ल्यू लिहायचं. २०२३ च्या जुलैपासून काहीच फेकलं नसेल तर जेझेड, तेही लिहायचं. दोन अक्षरं. आमच्याकडे तेवढीही शाई नाही.

कोड आपल्याकडे नाहीत असं नाही. विम्याचं पत्र आलं: फक्त तपासणीसाठी दाखल झालात, दावा नामंजूर, एक्सक्ल ०४. नाही म्हणायला शून्यासकट आकडा आहे! उद्या माणूस गेला तर दाखल्यावरही काय लिहाल, १ नग? त्या खड्ड्यांच्या महामार्गावरून हाडं खिळखिळी करत जायचं, उपाशी बसायचं, सही करायची आणि वर गप्प राहायचं?

आप्पा मात्र शांत आहेत. तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन सांगितलाय. काल काकवीची रिकामी बाटली धुऊन त्यांनी ओट्यावर उपडी ठेवली आणि मला विचारलं, "बूच घट्ट बसेल ना रे?"