सव्वाशे अंगठे, अकरा घमेली

"काय गं, दळण टाकून आलीस व्हय? ये की जरा कुंपणापाशी. ओढा साफ करायला किती जण आले, खरं सांग."

"अकरा, काकी. त्यात दोन आमचीच पोरं, शाळेला सुट्टी म्हणून."

"अन् ग्रुपवर?"

"सव्वाशे अंगठे! मी मोजल्यात. त्या हिशोबानं चहाला दूध घेतलं, ते दोन दिस आम्हीच पितोय."

"मोजलंस, पर कुठलं अंगठं ते बघितलंस का? आमच्या थोरल्यानं पहाटं पाचला अंगठा धाडला. हडपसरनं! निम्मा ग्रुप मुंबई-पुण्याचा. खोरं उचलणाऱ्या बायांच्या हातात मोबाइल हाय कुठं?"

"पर टाकेवाडीनं केलंच की. आपल्याच माण तालुक्यातली. २०१८ ला आमिर खानच्या त्या पाणी अडवायच्या स्पर्धेत, वॉटर कपात, पहिला नंबर, ७५ लाखाचं बक्षीस."

"आमिर खान टीव्हीवर दिसायचा, फोटो फिरायचे, त्यानं हुरूप आला, न्हाई कोण म्हणतंय? १ मेला शहरातली माणसं श्रमदानाला आली ती तर मोबाइलवर नाव नोंदवूनच. पर ८ एप्रिल ते २२ मे, पंचेचाळीस दिस त्या उन्हात गाव बाहेर काढायचं, ते अंगठ्यानं हुतंय? आधी गावोगावची माणसं ट्रेनिंगला जाऊन आल्याली, बायाबी. मग घरोघर उंबरं झिजवलं. 'तुमची शेजारीण गेली, तुम्ही कवा?' आसं तोंडावर इचारलं की बसवतंय का घरात?"

"आमच्या मेसेजात तर तारीखच न्हवती. नुसतं 'येत्या रविवारी सात वाजता'. त्यो फिरून फिरून काल परत आला. आता कोण येईल पुढच्या रविवारी, बसंल ओढ्यात एकटाच."

"अन् पेपरात?"

"'ग्रामस्थांचा उत्स्फूर्त प्रतिसाद'! फोटोत सरपंचांचा मेव्हणा. घमेलं रिकामं, शर्टाची इस्त्री जशीच्या तशी. मी मागं, निम्मी कापल्याली."

"हासू नगं. तीच बातमी कापून हडपसरला धाड. लांबच्या अंगठ्यास्नी घमेलं न्हाई, जेसीबीच्या डिझेलचं पैसं मागायचं. अन् जवळच्यांसाठी म्हसवडचा रेडिओ. माणदेशी तरंग, ९०.४. २००८ पासनं चाललाय, मी धार काढताना लावते. आपल्याच बोलीत बोलत्यात, टीव्हीवानी साजूक न्हाई. चौघी जाऊन सांगा की, ओढा तुंबला तवा कुणाच्या गोठ्यात पाणी शिरलं, कुणाची शेरडं वाहून चालली हुती. आवाज वळखीचा असला की बाया कान देत्यात."

"मी बोलू रेडिओवर? माझी तर बोबडीच वळंल."

"कुंपणावर बरी वळत न्हाई! धर, लिही आत्ता. तारीख घाल, साल घाल, डिझेलला किती लागतंय ते लिही, पैसं कुणाकडं द्यायचं त्येचं नाव घाल."

"लिहिलं... धाडलं."

टिंग.

"बघ. कोण हाय?"

"तुमचा थोरला, काकी. अंगठा."